छत उघडायला चौतीस सेकंद

आमच्या गल्लीतले पोट्टे माझ्या गाडीला ‘बुढ्याची गाडी’ म्हणतात. बुढा म्हणजे गाडी की मी, हे विचारायची हिंमत अजून झालेली नाही. गाडी १९९४ ची आणि मी १९६१ चा, त्यामुळे उत्तर काहीही आलं तरी फार फरक पडत नाही.

गाडी म्हणजे मर्सिडीज एसएल ३२०. दोन दारं, दोन माणसांची जागा, वर कापडी छत. हिवाळ्यासाठी ॲल्युमिनियमचं एक वेगळं टप्पर सोबत येतं. ते गेली चार वर्षं आमच्या गच्चीवरच्या खोलीत जुन्या गादीवर पडून आहे. चढवायला दोन माणसं लागतात, आणि नागपूरचा हिवाळा एवढी मेहनत करण्याच्या लायकीचा नाही.

निवृत्त सरकारी माणसाकडे असली गाडी आली कशी, हा प्रश्न लोकांच्या तोंडावर असतो, फक्त विचारत नाहीत. एका लग्नात एका लांबच्या मामांनी मात्र पंगतीत विचारलंच, “काऊन जी, कोराडीत कोळसा किती गेला इकडंतिकडं?” तर सांगून टाकतो. मी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात मेंटेनन्सला होतो, टर्बाइन विभागात. गाडी माझ्या चुलतभावाची. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. तो इंग्लंडमध्ये अस्थिरोगाचा सर्जन होता. १९९८ साली कायमचा परत आला तेव्हा सामानासोबत ही गाडी बोटीने आणली. जेवढी गाडीची किंमत जवळपास तेवढीच ड्युटी भरली, हे वहिनी अजूनही सांगतात, आणि सांगताना कपाळाला हात लावतात. २०१९ मध्ये दादा गेला. मुलं अमेरिकेत. दोन वर्षं गाडी रामदासपेठेतल्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. मग एक दिवस वहिनींचा फोन आला, “भाऊजी, तुम्ही घेऊन जा, नाहीतर मी भंगारवाल्याला बोलावते.” त्या बोलावणार नव्हत्या. पण मी दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेन घेऊन हजर झालो.

दादाला गाडीचं वेड नव्हतं, हे आधी लिहून ठेवतो. त्याने ही घेतली ती एका लोखंडी कमानीपायी. सीटच्या मागे एक रोल-बार आडवा झोपलेला असतो. गाडी उलटतेय असं कळलं की तो ०.३ सेकंदात ताडकन उभा राहतो. म्हणजे डोळ्याची पापणी लवेपर्यंत. तोवर उघड्या गाडीत जीव सांभाळायचा तर कायमची कमान लावायची, किंवा देवावर हवाला ठेवायचा, असेच मार्ग होते. मर्सिडीजवाल्यांनी कमान लपवून ठेवली आणि गरज पडली तरच बाहेर काढली. सीटबेल्टसुद्धा गाडीच्या खांबाला नाही, सीटलाच जोडलेला. त्यासाठी सीटचा सांगाडा मॅग्नेशियमचा केला. दादा रात्री-अपरात्री अपघाताच्या केसेस जोडत बसायचा. तो म्हणायचा, “वर आभाळ असावं, पण मान जागेवर राहावी.” बाकी इंजिन किती ताकदीचं, हे त्याला विचारलं तर तो पुस्तिका काढायचा.

एक गोष्ट मात्र तो प्रत्येक लग्नात सांगायचा. प्रिन्सेस डायनाने १९९१ मध्ये हीच गाडी लीजवर घेतली होती, मोठ्या इंजिनाची ५०० एसएल. राजघराण्यातली बाई परदेशी गाडी कशी चालवते म्हणून तिथे ओरड झाली आणि पुढच्या वर्षी तिने ती परत केली. “मी नाही केली परत,” असं म्हणून दादा हसायचा. वहिनी उठून आत जायच्या.

*

आता मूळ मुद्द्यावर येतो. गेल्या डिसेंबरात समोरच्या बंगल्यातल्या बिल्डरच्या पोराने नवी एसएल घेतली. एएमजी एसएल ५५. भारतात ती २०२३ च्या जूनमध्ये आली तेव्हा शोरूमची किंमत २.३५ कोटी होती. चार लिटरचं व्ही-८, दोन टर्बो, ४७६ अश्वशक्ती, शंभरचा वेग ३.९ सेकंदांत. माझ्या गाडीला एका रांगेतले सहा सिलिंडर, २३१ अश्वशक्ती, आणि शंभरला पोचायला आठ सेकंदांच्या वर. म्हणजे तो शंभरला पोचून मागे वळून बघेल तेव्हा मी अजून साठच्या आसपास असेन.

पोरगा चांगला आहे. स्वतः सिव्हिल इंजिनिअर आहे, मला काका म्हणतो. गाडी आली त्या संध्याकाळी पेढे घेऊन आला आणि म्हणाला, “काका, रविवारी दोन्ही गाड्या काढू. पोहे खाऊन येऊ.” नागपुरात कुठलाही गंभीर प्रस्ताव तर्री पोह्यापासूनच सुरू होतो.

सकाळी सहाला निघालो. वर्धा रोड, तो डबल डेकर पूल, खाली आम्ही आणि वर मेट्रो, मग विमानतळ मागे टाकून जामठ्याच्या पुढे. थंडी बऱ्यापैकी होती. मी छत उघडलं होतं, हीटर पायावर सोडला होता आणि कानटोपी घातली होती. बायकोने निघताना सांगितलं होतं, “फोटो काढू नका त्या टोपीत.” 

जामठ्याच्या पुढच्या टपरीवर गाड्या लावल्या तर पोहेवाला पहिल्यांदा माझ्या गाडीजवळ आला. हे दर वेळी होतं, आणि यात माझं काही कर्तृत्व नाही. पेट्रोल पंपावरचा पोरगा, ज्याचा जन्म गाडीनंतर दहा वर्षांनी झाला असेल, तोसुद्धा विचारतो, “साहेब, ही नवीन आली का?” मी त्याला एमएच ३१ ची जुनी नंबर प्लेट दाखवतो. त्याचा विश्वास बसत नाही.

याचं कारण एका इटालियन माणसात आहे. ब्रुनो साको. १९७५ ते १९९९ मर्सिडीजच्या डिझाइनचा तो प्रमुख होता. उदिने गावचा. २०२४ मध्ये वारला. त्याची दोन तत्त्वं होती. पहिलं, एका वेळी बाजारात असलेल्या सगळ्या गाड्या एकमेकींच्या बहिणी वाटल्या पाहिजेत. दुसरं, नवं मॉडेल आलं म्हणून जुनं मॉडेल जुनाट दिसता कामा नये. हे दुसरं मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून जरा विचार करत बसलो. विकणाऱ्या कंपनीत बसून असं तत्त्व ठरवायचं, म्हणजे मिठाईवाल्याने ‘कालची बर्फीही ताजीच लागली पाहिजे’ असं कारागिराला बजावण्यासारखं आहे. धंद्याच्या दृष्टीने वेडेपणाच. पण माझ्या गाडीची ही पिढी १९८९ च्या जिनिव्हा मोटर शोमध्ये आली आणि २००१ पर्यंत ब्रेमेनच्या कारखान्यात बनत राहिली, ती या वेडेपणाच्या जोरावर. तिच्या अंगावर एकही रेघ उगाच मारलेली नाही. दाराच्या खालच्या भागात प्लॅस्टिकची रुंद पट्टी आहे. जर्मन लोक तिला ‘साकोच्या फळ्या’ म्हणून चिडवायचे. मला ती पट्टी आवडते. कॉर्पोरेशनने रस्त्यावर सोडलेले खडे तिलाच लागतात.

नवी गाडी देखणी नाही असं मी म्हणत नाही. रुंद आहे, वाघासारखी बसते. पण तिच्याकडे बघताना डोळा कुठे ठेवावा ते कळत नाही. इथे जाळी, तिथे फट, मागे चार नळकांड्या. प्रत्येक भाग म्हणतो, मला बघ. माझ्या गाडीतला कुठलाच भाग काही म्हणत नाही.

*

पोहे झाल्यावर पोराने त्याचं छत उघडून दाखवलं. यात गंमत आहे. उघडता येणाऱ्या एसएलचं छत आधी कापडाचंच होतं, माझ्या गाडीपर्यंत. मग २००१ मध्ये आलेल्या पिढीत पत्र्याचं घडीचं छत आलं, त्याच्या पुढच्या पिढीतही तेच. आणि वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, कंपनी परत कापडावर आली. वजन कमी, जागा कमी. दादा असता तर म्हणाला असता, मी सांगितलंच होतं.

नव्या गाडीचं छत १५ सेकंदांत उघडतं, ताशी ६० किलोमीटर वेगापर्यंत चालत्या गाडीतही. माझं फक्त उभ्या गाडीत. इथवर नवी गाडी जिंकली. पण पोरगा ते उघडत होता कसा? मधे ११.९ इंचांची उभी स्क्रीन आहे. तिच्यावर छताचं चित्र आणायचं, त्या चित्रावर बोट ठेवून सरकवायचं, आणि छत पूर्ण उघडेपर्यंत बोट तसंच धरून ठेवायचं. पोराचं बोट थंडीने आखडलेलं. दोनदा सुटलं. दोनदा छत मधेच थांबलं.

आणि ती स्क्रीन पुढेमागे हलते. १२ अंशांपासून ३२ अंशांपर्यंत. का, तर छत उघडलं की स्क्रीनवर ऊन पडतं आणि काही दिसत नाही. म्हणून ती वाकवायला मोटर. मी मेंटेनन्सचा माणूस आहे. उघड्या गाडीत आधी स्क्रीन लावायची, तिच्यावर ऊन पडणार हे माहीत असताना लावायची, आणि मग उन्हापासून वाचवायला तिला मोटर लावायची, हे ऐकून माझ्या डोक्यात फक्त एक प्रश्न आला. ती मोटर बिघडली तर?

माझ्या गाडीत गिअरच्या दांड्यामागे एक कळ आहे. छताची. दुसऱ्या कुठल्याच कामाची नाही. दारावर सीटची कळ आहे, ती छोट्या सीटच्याच आकाराची. तिचं डोकं वर ढकललं की हेडरेस्ट वर जातो, पाठ मागे ढकलली की पाठ मागे जाते, बूड पुढे सारलं की सीट पुढे येते. आमची ७८ वर्षांची मावशी, जिला मोबाइलवर फोन घेता येत नाही, ती पहिल्यांदा बसली तेव्हा न विचारता सीट नीट करून घेतली. 

कोराडीत आमच्या जुन्या २१० मेगावॉटच्या युनिटला भलामोठा पॅनेल होता. प्रत्येक पंपाला स्वतःचा स्विच, स्वतःचे दोन दिवे. लाल म्हणजे चालू, हिरवा म्हणजे बंद. बाहेरच्या माणसाला उलटं वाटतं, आम्हाला घरचा टीव्हीसुद्धा तसाच हवा असायचा. रात्रपाळीत लाइट गेली तरी बॅटरीवर चालणाऱ्या डीसी ऑइल पंपाच्या स्विचवर हात आपोआप जायचा, कारण तो स्विच वीस वर्षं एकाच जागी होता. मग ६६० मेगावॉटची युनिटं आली. तिथे सगळं पडद्यावर आणि माऊसवर. माझी त्याबद्दल तक्रार नाही. हजारो सिग्नल एका माणसाने बघायचे तर दुसरा मार्गच नाही. पण गाडीत हजारो सिग्नल आहेत कुठे? दोन माणसं आहेत, एक छत आहे आणि पोहे खायला जायचंय.

*

मग गाड्या बदलल्या. तो माझ्यात, मी त्याच्यात.

नव्या गाडीबद्दल थोडक्यात सांगतो. रस्ता रिकामा बघून पोराने “दाबा काका” म्हटलं होतं, म्हणून दाबलं. पोटातले पोहे पाठीला लागले. तेवढ्यात वेग बघितला आणि घाबरून पाय काढला. ब्रेक असे की रस्त्याला खिळा ठोकल्यासारखी थांबते. वळणावर रुळावर असल्यासारखी. सगळं उत्तम. पण ऐंशीच्या वेगाला ती गाडी झोपलेली असते. काही होतच नाही. जागी व्हायला तिला दीडशे लागतात, आणि दीडशे कुठे मारायचे? आपल्या समृद्धी महामार्गावरसुद्धा मर्यादा १२० ची आहे. म्हणजे २.३५ कोटींतले निम्मे पैसे कायद्याच्या पलीकडे ठेवलेले आहेत.

मी परत आलो तर पोरगा आलेलाच नव्हता. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मला वाटलं गाडी बंद पडली. मग बुटीबोरीकडून संथ येताना दिसला, डावा हात स्टिअरिंगवर, उजवं कोपर दारावर. उतरल्यावर लगेच काही बोलला नाही. मग म्हणाला, “काका, मी सत्तरच्या वर गेलोच नाही.”

“काऊन? काही आवाज आला का?”

“नाही हो. सत्तरलाच मजा येत होती.”

माझ्या गाडीचं स्टिअरिंग मोठं आणि संथ आहे. ॲक्सिलरेटर लांबपर्यंत दाबावा लागतो आणि तोही जड. पहिले दोन किलोमीटर वाटतं, हिला काही होत नाहीये. मग लक्षात येतं की ही घाई करत नाही आणि तुम्हालाही करू देत नाही. वारा चेहऱ्यावर येत नाही, डोक्यावरून जातो, कारण सीटमागे जाळीचा एक पडदा उभा करता येतो. तोही या गाडीबरोबरच पहिल्यांदा आला. आता सगळेच लावतात. शेजारच्या माणसाशी साध्या आवाजात बोलता येतं. रस्त्याकडेच्या शेकोटीचा वास येतो, ट्रकमधल्या संत्र्यांचा येतो.

*

आता एवढं कौतुक केलं तर दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर बायको खाली कमेंट लिहील.

ही गाडी मार्च ते ऑक्टोबर जवळपास निरुपयोगी आहे. नागपूरचं ४५ अंशांचं ऊन काळ्या कापडी छतावर पडलं की आत भट्टी होते, आणि एसी बिचारा हातपंख्यासारखा चालतो. गावात लिटरला सहा-सात किलोमीटर देते. टाकी ८० लिटरची. एकदा भरली की आठ हजार गेले. धरमपेठेतले स्पीडब्रेकर तिरके काढावे लागतात आणि मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवतो. रोजची भाजी, बँक, दवाखाना, सगळं वॅगन आरमधून होतं. मुंबईला जायचं झालं आणि दोन्ही एसएल दारात उभ्या असल्या, तर मी पोराच्या गाडीची किल्ली मागेन.

कागदपत्रांचं वेगळंच. केंद्राच्या ऑगस्ट २०२५ च्या नियमाप्रमाणे वीस वर्षांवरच्या साध्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाला १० हजार रुपये, आणि बाहेरून आणलेल्या कारला ८० हजार. व्हिंटेज म्हणून सवलतीत बसावं म्हटलं तर त्याला पन्नास वर्षं पूर्ण लागतात. माझी तिशीत. म्हणजे आमच्याकडे त्या वयाच्या मुलांबद्दल म्हणतात तसं, ना शिकतोय ना लग्न करतोय.

उंदरांचाही त्रास होता. पहिल्याच पावसाळ्यात हेडलाइटची वायर कुरतडली. मेकॅनिकने उपाय सांगितला, “साहेब, बोनेटमंदी खर्रा ठेवा. तंबाकूच्या वासानं फिरकत नाही ते.” ठेवला. उंदीर खरंच गेले. मात्र सोसायटीचा वॉचमन रोज सकाळी ‘साहेब, पानी चेक करू का’ म्हणून बोनेट उघडायला लागला. आता पुडी महिन्याला दोनदा भरावी लागते.

पण खरी कसोटी छताने घेतली. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाला निघालो होतो. दोघंच. वर काचेच्या चौकटीतून एक थेंब टपकला, बायकोच्या नव्या कॉटनच्या साडीवर. मग दुसरा. पाऊस नव्हता. बोट लावून वास घेतला तर तेल. लग्नभर तिने पदर दुमडून ठेवला आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

छत तेलाच्या दाबावर चालतं. डिकीत पंप, तिथून नळ्या, आणि ठिकठिकाणी बोटाएवढे, वीतभर असे डझनभर सिलिंडर. त्यांतले दोन समोरच्या काचेच्या वर, छताचे हूक अडकवायला. तीस वर्षांत आतलं रबर मरणारच, त्यात आपलं ऊन. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवलं. त्यांनी सगळे सिलिंडर बाहेरून मागवायचा आकडा सांगितला. त्या आकड्यात दुसरी वॅगन आर आली असती. शिवाय तिथल्या पोराने कमी झालेलं तेल म्हणून पॉवर स्टिअरिंगचं तेल ओतून ठेवलं होतं, ते मला सगळं उपसावं लागलं.

मग मी विचार केला, बाप्पा, मी पस्तीस वर्षं टर्बाइनच्या गव्हर्निंग ऑइलच्या गळत्या काढल्या. तिथले सिलिंडर माझ्या मांडीएवढे होते. हा तर त्यांचा नातू.

डायनिंग टेबलवर पेपर अंथरले. सर्क्लिप काढली, रॉड हळूच ओढला. आतलं सील नखाने धरलं तर भाजलेल्या पापडासारखं तुटलं. तुकडे चिमट्याने एका वाटीत जमवले, कारण एक जरी आत राहिला तर पुढचा व्हॉल्व्ह अडकतो. सिलिंडरची आतली भिंत टॉर्च मारून बघितली. आरशासारखी, एक ओरखडा नाही. तीस वर्षांनी! धातू जसाच्या तसा होता, फक्त रबर गेलं होतं. व्हर्नियरने आतला व्यास मोजला, रॉड मोजला, खाचेची रुंदी मोजली, आकडे कॅलेंडरच्या मागे लिहिले आणि हिंगणा रोडवर सीलवाल्याकडे गेलो. त्याने विचारलं, “कोन्त्या मशीनचं? जेसीबी?” मी म्हटलं, “छताचं.” त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि डबे उपसायला लागला. व्हिटॉनची यू-कप सीलं मिळाली. एकाला चाळीस रुपये. तेल आणि उष्णता दोन्ही सोसतात. कोराडीत आम्ही तीच वापरायचो. एक साइज मिलिमीटरच्या एका दशांशाने मोठा होता, तो त्याने समोर लेथवर बसून घासून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. “छत चालू झालं का एक चक्कर द्या,” म्हणाला.

तो पावसाळाभर मी एकेक सिलिंडर काढत, बसवत होतो. ऑगस्टमध्ये शेवटचा बसला. बायको किचनच्या दारात उभं राहून म्हणाली, “आता जेवायला टेबल मिळेल का?”

कंपनीच्या पुस्तकात छताला साधारण ३० सेकंद लिहिलेत. दादाला ते मोजायची सवय होती. छत उघडताना मोठ्याने मोजायचा, लहान मुलं असली की मुलंही मोजायची, आणि तिसाला छत आत गेलं की टाळ्या. आता ३४ लागतात. पंप थकलाय. तो उघडून दुरुस्त करता येईल, मला येतो. पण चार सेकंदांसाठी मी टेबल पुन्हा मागणार नाही.

*

काटोल रोडवर फेटरीच्या पुढे संत्र्याच्या बागा लागतात. आंबिया बहाराला जानेवारीच्या शेवटापासून फुलं येतात. पहाटे तिथून उघड्या गाडीने गेलं की तो वास गाडीत नुसता भरून राहतो. गोड, किंचित कडवट. दरवर्षी फेब्रुवारीत एक रविवार मी त्यासाठी राखून ठेवतो. वहिनींनाही एकदा नेलं होतं. त्या पूर्ण रस्ता गप्प होत्या आणि परत आल्यावर म्हणाल्या, “तुमच्या दादाला हा रस्ता माहीतच नव्हता.”

यंदा बिल्डरच्या पोराने आधीच नंबर लावला. पहाटे साडेपाचला गेटवर हजर, कानटोपी घालून. स्वतःची गाडी घरी. शेजारी बसला, सीटची कळ न विचारता नीट केली, आणि म्हणाला, “काका, छत मी उघडू?”

“दाबून धर. सोडायची नाही.”

काचा खाली गेल्या. वरचे हूक सुटले, मागचं झाकण उचललं गेलं, छत घडी होत मागे निघालं. तो मोजत होता, मी त्याला सांगितलंही नव्हतं. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. झाकण अजून बंद व्हायचं होतं.

“झालं का काका? सोडू?”

“सोडू नको. लाल दिवा विझायचाय अजून.”